ईईजी काढून मोठ्या माणसाचं एडीएचडी कळतं का?

मेथांबा | मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, प्रश्न सरळ आहे, पण मला सरळ सांगता येत नाही हे आधीच कबूल करते.

माझ्या मुलाला (वय १०) गेल्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, चंचलपणा-उतावळेपणा फार, तो विकार) निदान झालं. डॉक्टरबाई त्याच्याबद्दल एकेक विचारत होत्या आणि मी मनातल्या मनात स्वतःचीच उत्तरं देत होते. वस्तू हरवतो का? घेतलेलं काम अर्धं टाकून उठतो का? समोरचा बोलत असताना भलतीकडेच पोचतो का? शेवटी त्या हसून म्हणाल्या, "बरं, आणि घरात अजून कोण आहे असं?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

मी ४१ वर्षांची. सीएच्या ऑफिसात आहे. जीएसटीची २० तारीख उद्यावर आली की माझ्यासारखी कामाची बाई नाही, रात्री दोनपर्यंत बसून पन्नास रिटर्न भरते. बाकीचे दिवस एकच एक्सेल शीट उघडून तिच्याकडे बघत असते. गॅसवर दूध ठेवून मी आयुष्यात किती वेळा विसरले असेन याचा हिशोब मीच ठेवायला हवा होता, पण तोही राहिला.

नवरा वाईट नाही, पण म्हणतो, "आळसाला इंग्रजी नाव मिळालं म्हणून तो आजार होत नाही." त्याला कागद लागतो. खरं सांगू? मलाही लागतो.

आमच्या भागात एक सेंटर आहे. 'ब्रेन मॅपिंग' करतात, म्हणजे ईईजी, मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. डोक्याला तारा लावून वीस मिनिटांत मेंदूचा रंगीत नकाशा, थीटा-बीटा रेशो, आणि त्यावरून एडीएचडी आहे की नाही ते लेखी. १२ हजार रुपये. पुढे मेंदूच्या 'ट्रेनिंग'ची ३० सेशन्स, त्याचे वेगळे. माहितीपत्रकावर 'अमेरिकेत एफडीए मान्य' असं छापलंय (एफडीए म्हणजे तिकडचं औषधं-उपकरणांना परवानगी देणारं सरकारी खातं). २ हजार भरून येत्या शनिवारचा नंबर लावलाय.

कोणी केलंय का? जाऊ का?

(दूध उतू गेलं. हे लिहीत होते म्हणून.)

वाड्यातला_बोका | रात्री ११:५२

वाचतोय. आमच्याकडे हाच प्रश्न बायकोने माझ्याबद्दल विचारलाय.

निरुपद्रवी | बुधवार, सकाळी ६:१०

ताई, राग मानू नका. मोबाईल बाजूला ठेवा, पहाटे उठा, दहा दिवस विपश्यनेला जाऊन या. आमच्या पिढीत हे नव्हतं.

सुमनआजी | सकाळी ७:३५

@निरुपद्रवी, आमच्या पिढीतही होतं हो. त्याला 'वेंधळी' म्हणायचे. माझी धाकटी जाऊ. तिने एकदा पोळ्यांचा डबा घेऊन बँकेत जाऊन पासबुक म्हणून पुढे केला होता. आम्ही चाळीस वर्षं हसलो तिला. आता वाटतं, तिला कोणी विचारलंच नाही की तुला कसं वाटतं.

तारायंत्र | सकाळी ९:०५

मी २२ वर्षं ईईजी टेक्निशियन आहे, म्हणून चार ओळी. चाळीस होतील.

शनिवारी गेलातच तर डोक्याला तेल लावून जाऊ नका. हसू नका, निम्मे पेशंट तेल चोपडून येतात. आईने सांगितलेलं असतं, डोकं शांत राहील. तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाही, मग आम्ही स्पिरिटने पुसत बसतो.

आम्ही आधी टेपने डोकं मोजतो. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्यापर्यंत. त्या मापाच्या १० आणि २० टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या, म्हणून या पद्धतीचं नावच दहा-वीस. खुणेवरची कातडी खरखरीत जेलने घासायची, पेस्ट लावायची, इवल्याशा वाटीसारखा इलेक्ट्रोड दाबून बसवायचा, वर कापसाचा तुकडा. डोक्यावर अशा १९ जागा, शिवाय कानांना. यात अर्धा तास जातो. "वीस मिनिटांत नकाशा" म्हणतात ते त्यानंतरचं रेकॉर्डिंग.

आणि येतं काय? भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो ना, त्याच्या तीस हजाराव्या हिश्श्याएवढं काहीतरी. एवढासा आवाज कवटी आणि कातडीपलीकडून ऐकायचा. पापणी लवली की त्याहून कितीतरी मोठी लाट उठते. दात आवळले, कपाळाला आठी घातली की स्नायूंचा खडखडाट, आणि तो नेमका बीटाच्या जागेत येऊन बसतो.

आता रेशोचं. लाटा सेकंदाला किती वेळा खालीवर होतात यावर नावं आहेत. ४ च्या खाली डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा. थीटा संथ, पेंगुळलेली. बीटा जागी. डोक्याच्या मध्यावर थीटा जास्त आणि बीटा कमी, म्हणजे लक्ष लागत नाही, अशी ती कल्पना.

पण माझी खोली एसी, अंधारी, वर मी सांगणार "डोळे मिटा, सैल पडा". पाचव्या मिनिटाला माणूस पेंगतो. पेंगला की थीटा वर. तो रात्रभर तापाच्या पोराला घेऊन बसला होता हे मशीनला कुठून कळणार? मी कडेला 'पेशंट पेंगतोय' असं लिहून ठेवतो. ते वाचणारा असेल तर ठीक. सॉफ्टवेअर सरळ रंग भरतं.

मेथांबा | सकाळी ९:४८

तारायंत्रदादा, मी तेल लावूनच जाणार होते 😐

ऑगस्टाकर | सकाळी १०:२० (इथे रात्र आहे)

'एफडीए मान्य' या दोन शब्दांवर मला बोलायचंच आहे, कारण एडीएचडीसाठी एफडीएने परवानगी दिलेलं ते ईईजीचं यंत्र आमच्याच गावचं. जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा. यंत्राचं नाव नेबा. १५ जुलै २०१३ ला एफडीएने त्याला बाजारात यायची परवानगी दिली. तेव्हा इथल्या स्थानिक बातम्यांत बरंच कौतुक झालं होतं.

पण परवानगी कशाला दिली ते बघा. वय ६ ते १७. कंपनीने दाखवलेला अभ्यास २७५ मुलांचा. आणि अट अशी की डॉक्टरांची पूर्ण तपासणी झाल्यावर तिला जोड म्हणून वापरायचं, एकट्याने निदान करायला नाही. मोठ्यांचा त्यात पत्ताच नाही. तुमच्या सेंटरकडे तेच यंत्र आहे का हेही विचारा. एका यंत्राची परवानगी दुसऱ्याच्या माहितीपत्रकावर, असं असेल तर प्रश्नच मिटला.

सरासरीचा_शत्रू | दुपारी १२:३०

तारायंत्र यांनी खोलीतली गोष्ट सांगितली, मी आकड्यांतली सांगतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ही कल्पना नवी नाही. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना इथे माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला, १९२९ मध्ये तो छापला, आणि १९३८ मध्येच अमेरिकेत वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांच्या आलेखात संथ लाटा दिसल्याचं लिहून आलं होतं. नव्वदच्या दशकात थीटा-बीटा रेशो पुढे आला. सुरुवातीचे आकडे एवढे झकास होते की वाटावं, आता प्रश्नावल्या गुंडाळून ठेवा.

मग २०१३ मध्ये आर्न्स, कॉनर्स आणि क्रेमर यांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र मांडले. (यातले कॉनर्स म्हणजे ज्यांची एडीएचडीची प्रश्नावली जगभर वापरतात तेच.) दिसलं असं की जसजसे अभ्यास नवे, तसतसा एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांमधला फरक आटत गेला. मजा म्हणजे, तो आटला त्याचं एक कारण असं की एडीएचडी *नसलेल्या* मुलांचाच रेशो वर्षागणिक वाढत होता. मुलांची झोप कमी होत चालल्यामुळे तर नाही, अशी शंका त्यांनी घेतली. म्हणजे तारायंत्र यांची एसी खोली आता सगळ्या जगाला लागू. निष्कर्ष: निदानासाठी या रेशोवर भरवसा ठेवता येत नाही.

२०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने डॉक्टरांना सांगितलं की चुकून 'आहे' म्हणण्याचं प्रमाण यात न परवडण्याइतकं जास्त आहे, संशोधनाबाहेर निदान पक्कं करायला हे वापरू नका.

अजून एक खोड आहे. काही धडधाकट लोकांची अल्फा लाटच जरा संथ असते, सेकंदाला साडेसात वगैरे. सॉफ्टवेअरची रेघ ८ वर, त्यामुळे त्यांची अल्फा थीटाच्या खात्यात जमा होते. मेथांबा, चुकीच्या हेडखाली एन्ट्री पडली की ताळेबंदाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय वयाबरोबर थीटा मुळातच उतरते, त्यामुळे मुलांच्या मापाचा शर्ट मोठ्यांना बसत नाही.

आता समजा, निव्वळ हिशोबासाठी, चाचणी ८५ टक्के बरोबर आहे, दोन्ही बाजूंनी. मोठ्यांमध्ये एडीएचडी साधारण १०० पैकी ३ जणांना धरू. रस्त्यावरून १००० माणसं आत घ्या. ३० जणांना आहे, त्यातले २५-२६ पकडले जातील. ९७० जणांना नाही, पण त्यातल्या सुमारे १४५ जणांच्याही हातात लाल नकाशा. म्हणजे 'आहे' असा कागद मिळालेल्या १७० जणांत खरे २५. बाकीच्यांनी ३० सेशन्सचे पैसे भरायला घेतले.

दोन गटांच्या सरासरीत फरक असणं वेगळं आणि एका माणसाबद्दल सांगता येणं वेगळं. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच. म्हणून "उंची पाच फूट पाच" एवढ्यावर पलीकडे काका आहेत की काकू, सांगा बरं.

वाड्यातला_बोका | दुपारी १२:४१

काकू. आमच्याकडे तरी.

मनोविकारवाला | दुपारी ३:१५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, तसं विचारूही नका. पण काय करतात ते सांगतो.

मोठ्या माणसाचं एडीएचडी आज तरी बोलूनच कळतं. लोकांना हे कमअस्सल वाटतं, मशीन नाही म्हणजे अंदाजपंचे. तसं नाही. डीएसएम-५ (मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) नुसार लक्ष न लागण्याची ९ लक्षणं आणि चंचल-उतावळेपणाची ९. सतरा वर्षं किंवा त्यापुढच्या माणसात यातल्या एका तरी यादीतली किमान ५ हवीत, घरी आणि कामावर अशा निदान दोन ठिकाणी हवीत, त्यांचा जाच व्हायला हवा, आणि मुख्य म्हणजे त्यातली बरीचशी बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत. चाळिशीत अचानक सुरू झालं असेल तर मी आधी दुसरीकडे बघतो. थायरॉईड, हिमोग्लोबिन, झोप, घोरणं, नैराश्य, चिंता, पाळी जाण्याच्या आधीची वर्षं. 'मोबाईलमुळे' हेही असू शकतं, @निरुपद्रवी, पण मग ते चौथीत नसतं.

सहा प्रश्नांची एक चाळणी नेटवर फिरते, जागतिक आरोग्य संघटनेबरोबर केलेली. ती चाळणीच आहे, निकाल नाही. खरी मुलाखत दीड-दोन तासांची. लहानपणचं आणि आताचं शेजारी शेजारी ठेवून, प्रत्येक लक्षणाला उदाहरण मागत. जोडीदार आणि आई किंवा वडील सोबत असले तर फार बरं.

ईईजी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. वर्गात मूल दहा सेकंद 'हरवतं', हाक मारली तरी ओ देत नाही, आणि पुढच्या क्षणी काही झालंच नाही असं वागतं, तेव्हा मी पहिल्यांदा ईईजी मागतो. कारण ती फिट असू शकते, हातपाय न झाडता येणारी, आणि तिची सेकंदाला तीनची टोकदार लाट आलेखात स्पष्ट दिसते. तिथे हे यंत्र राजा आहे. त्याला भलत्या प्रश्नाचं उत्तर विचारलं की पंचाईत.

औषध सुरू करताना मी नाडी आणि रक्तदाब बघतो, हृदयाचा काही इतिहास असेल तर ईसीजी. डोक्याचा आलेख लागत नाही, छातीचा कधी कधी लागतो. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत, एक औषधवाल्याने दोन वर्षं जपून ठेवायची. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर मिळत नाही. दोन दुकानं फिरावं लागलं तर वैतागू नका.

ट्रेनिंगबद्दल एकच. अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या मुलांवर थीटा-बीटा ट्रेनिंगची नीट परीक्षा घेतली, काहींना खरं, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं खोटं, आणि कोणाला काय ते कोणालाच माहीत नाही. दोन्ही गट सुधारले. सारखेच.

रात्रपाळी | सायंकाळी ६:५०

मी केलंय. दोनदा.

कॉल सेंटरची रात्रपाळी संपवून सकाळी तसाच गेलो. रिपोर्ट: 'एडीएचडीशी सुसंगत'. डोक्याचं चित्र, समोरचा भाग लालभडक. फ्रेम करून लावावंसं वाटलं. दोन महिन्यांनी सुट्टीत, नऊ तास झोपून, दोन कप चहा मारून दुसरीकडे गेलो. रिपोर्ट: 'सामान्य मर्यादेत'. चित्र हिरवंगार.

शेवटी एका डॉक्टरांनी आलेख बाजूला ठेवून बायकोला विचारलं, "हे घोरतात का?" ती म्हणाली, घोरतात आणि मध्येच श्वास थांबतो, मी कोपराने ढोसते. झोपेची तपासणी झाली. आता मास्क लावून झोपतो. लक्ष? पुष्कळ बरं आहे. हत्तीसारखा दिसतो एवढंच.

तारायंत्र | सायंकाळी ७:०२

@रात्रपाळी, दुसऱ्या वेळी दात आवळून ताठ बसला असतात तर बीटाही वाढली असती. हिरव्याहून हिरवं.

काळा_कोट | रात्री ९:३०

अवांतर, पण पुण्यातल्या लोकांना आठवेल. मेंदूच्या लहरींवर जास्त भरवसा ठेवायची ही पहिली वेळ नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात, विष घातलेल्या प्रसादाचं प्रकरण होतं ते, आरोपीच्या ईईजीवर आधारलेल्या चाचणीचा दोषी ठरवताना आधार घेतला. तिला तो प्रसंग 'अनुभवातून' माहीत आहे असं म्हणे लहरींवरून कळलं. जगभर चर्चा झाली. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींच्या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत.

तुमची संमती आहे, म्हणून कायद्याची अडचण नाही. पण 'यंत्र बोललं' म्हटलं की शहाणी माणसंही प्रश्न विचारायचं थांबतात, एवढ्यासाठी लिहिलं.

आणि 'कागद' ऑफिसात चालेल का असं कोणाच्या मनात असेल तर: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. नुसतं एडीएचडी त्यात नाही.

सुमनआजी | रात्री ९:५५

मेथांबा, एक विचारू? नकाशा हिरवा आला तर काय करशील गं? मग नवऱ्याचं खरं आणि तुझं खोटं?

मेथांबा | रात्री ११:१८

आजी, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. लाल येणारच असं धरून चालले होते. शनिवार रद्द करते. नवऱ्याला मुलाखतीला येशील का विचारते. येणार नाही बहुतेक.

कळवते काय होतं ते.

वाड्यातला_बोका | रात्री ११:२०

'कळवते' 😀 धागा डिसेंबरात वर काढू.

वाड्यातला_बोका | (सात आठवड्यांनंतर)

ताई?

मेथांबा | दुसऱ्या दिवशी, दुपारी १:०५

अय्यो. सॉरी. लिहिलं होतं, ड्राफ्टमध्ये पडलं होतं.

नवरा आला. मी म्हटलं होतं फक्त बस, बोलू नकोस. डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, "तुम्हाला काय त्रास होतो?" आणि तो सुटला. चाळीस मिनिटं. पासपोर्ट कुठल्या साली कुठे सापडला (पिठाच्या डब्यात, २०१७), विमा हप्ता किती वेळा चुकला, लाइट बिलाचा दंड, त्याच्या आईच्या साठीला मी एक दिवस आधीच हार घेऊन पोचले होते ते. बारा वर्षांच्या तक्रारी, तारखेनिशी. डॉक्टर लिहून घेत होते आणि अधूनमधून म्हणत होते, "छान, अजून एक उदाहरण?" घरातलं प्रत्येक भांडण त्या फॉर्मच्या कुठल्या ना कुठल्या रकान्यात जाऊन बसलं. मध्येच तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हे सगळं एकाच यादीत आहे होय?"

माझी प्रगतीपुस्तकं रद्दीत गेलेली. आईला फोन लावला. आई म्हणे, "छे, काही नव्हतं तुला. नुसता डबा रोज शाळेत राहायचा. चौथीत त्या पावसाळ्यात पाच छत्र्या झाल्या. बाकी तुझ्या बाबांसारखीच होतीस." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं, बाबांसकट.

थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन ९ निघालं, त्याच्या गोळ्या आधी सुरू केल्यात. ते सुधारल्यावर उरलेलं बघू म्हणाले, पण छत्र्या हिमोग्लोबिनमुळे हरवत नाहीत असंही म्हणाले. पुढच्या महिन्यात औषधाचं ठरेल.

सेंटरने २ हजार परत दिले नाहीत. मुलाच्या 'मेमरी कोर्स'मध्ये वळते करून देऊ म्हणाले.

तारायंत्र | दुपारी १:३०

आता खुशाल तेल लावा.

नवाकोरा | दुपारी ४:१२

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मलाही ब्रेन मॅपिंग करायचंय, सेंटरचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

सरासरीचा_शत्रू | दुपारी ४:१५

@नवाकोरा, धागा वाचलात का?

नवाकोरा | दुपारी ४:१६

मोठा आहे हो. सेव्ह केलाय, नंतर वाचतो.